हिरव्या तारेचा शेजार

तीन टोकांच्या प्लगाकडे थोडे निरखून पाहिले, तर त्याची वरची पितळी पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असल्याचे दिसते. जाड अशासाठी की, ती चुकूनही दुसऱ्या भोकात शिरू नये. लांब अशासाठी की, प्लग खोचताना तिचा संपर्क सर्वांआधी व्हावा आणि काढताना तो सर्वांच्या मागून सुटावा. उपकरणात वीज शिरते त्या क्षणी त्याचे धातूचे अंग आधीच एका तारेला बांधले गेलेले असावे, अशी ही योजना आहे. ती तार म्हणजे भूसंपर्काची तार. रोजच्या बोलण्यातले अर्थिंग. तिच्यावर हिरवे अथवा हिरवे-पिवळे आवरण असते. दिवा तिच्यावाचून लागतो, पंखा तिच्यावाचून फिरतो, पाणीही तिच्यावाचून तापते. यामुळे ती वर्षानुवर्षे तुटलेली असली तरी घरातील कोणाच्याही ध्यानात येत नाही. तिचे काम एखाद्याच दिवशी पडावयाचे असते, आणि तो दिवस आधी कळवून येत नाही.

एकट्या बंगल्यात ही तार चांगली की वाईट, हा त्या घरमालकाचा प्रश्न होय. परंतु जेथे एका छपराखाली तीस-चाळीस कुटुंबे राहतात, तेथे या तारेचे स्वरूप पालटते. मुंबईतील सदनिका असोत, कोलकात्यातील जुन्या इमारती असोत किंवा इंदूर, बडोदे, दिल्ली येथील नव्या वसाहती असोत. विजेचा मीटर ज्याचा त्याचा, बिल ज्याचे त्याचे, मात्र हिरवी तार खाली उतरत उतरत सर्वांची एक होते. या एकत्र येण्यात जसे संरक्षण आहे तसा धोकाही आहे. दुसऱ्या मजल्यावरील बिघाड चौथ्या मजल्यावरील माणसाचा जीव कसा घेऊ शकतो, हे समजण्यासाठी प्रथम ही तार नेमके काय करते हे पाहिले पाहिजे.

याबाबत एक समजूत फार खोल रुजलेली आहे. जमीन वीज पिऊन टाकते, म्हणून बिघडलेल्या उपकरणातील वीज जमिनीत सोडून दिली की काम झाले, अशी ती समजूत होय. वास्तविक विद्युतप्रवाह कोठेही संपत नाही. तो जेथून निघाला तेथे परत जाऊ पाहतो. घरात येणारी वीज गल्लीतील अथवा आवारातील रोहित्रातून निघालेली असते; तिला त्या रोहित्राकडेच परतावयाचे असते. नेहमीच्या वेळी ती फेजच्या तारेने येते आणि तटस्थ तारेने, म्हणजे न्यूट्रलने, परत जाते. रोहित्रापाशी ही तटस्थ तार जमिनीला जोडलेली असते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी तर अशी जोडणी किमान दोन स्वतंत्र ठिकाणी केली पाहिजे, असे बंधन घातले होते. परिणामी जमीन ही परतीची एक वाट ठरते. जमीन परतीचा मार्ग होऊ शकते, हे म्युनिकच्या श्टाइनहाइल यांनी १८३८ साली तारायंत्राचे प्रयोग करताना दाखवून दिले. त्यानंतर तारायंत्राला दोन तारांऐवजी एकच तार पुरू लागली. जी सोय तारखात्याच्या पथ्यावर पडली, तीच घरात ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या मुळावर येते. त्याचा हात फेजला लागला की, पाय, फरशी, जमीन आणि रोहित्र अशी साखळी पूर्ण होते आणि तो माणूस त्या साखळीतील एक कडी बनतो.

मग रोहित्राची तटस्थ तार जमिनीला जोडावीच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. रोहित्राच्या एका अंगास अकरा हजार व्होल्टची वीज येते आणि दुसऱ्या अंगातून घरगुती वीज निघते. आतील आवरण फाटून वरचा दाब खालच्या तारांत उतरला, तर जमिनीशी बांधलेली तटस्थ तार तो आवरून धरते आणि वरच्या बाजूचे संरक्षण जागे करते. शिवाय घरातील कोणत्याही तारेचा जमिनीच्या तुलनेत दाब सुमारे २३० व्होल्टच्या पुढे जाऊ नये, हीही सोय तिच्यामुळेच होते. थोडक्यात, मोठे संकट टाळण्यासाठी एक लहान संकट पत्करलेले आहे, आणि त्या लहान संकटाचा बंदोबस्त हिरव्या तारेवर सोपवलेला आहे.

आता न्हाणीघरातील गीझर घ्या. त्याच्या आतील तापणाऱ्या कांबीचे आवरण पाण्यातील क्षारांनी कुजते आणि फेजचा दाब गीझरच्या धातूच्या अंगावर येतो. अंगाला हिरवी तार जोडलेली नसेल, तर गीझर पाणी तापवीत राहील, तांबडा दिवा नेहमीप्रमाणे लागेल आणि नळाला हात लावणारा पहिला माणूस साखळी पूर्ण करील. ओल्या अंगाचा रोध साधारण एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबाखाली त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. तीस-पन्नासच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. २३० हा आकडा यांच्या किती पलीकडे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

हिरवी तार जोडलेली असेल तर काय होते? तिने दोन गोष्टी कराव्यात अशी अपेक्षा असते. एक, गीझरच्या अंगावरील दाब फार चढू देऊ नये. दुसरी, परतीचा प्रवाह इतका मोठा वाहू द्यावा की फ्यूज वितळेल किंवा एम.सी.बी. पडेल आणि वीज आपोआप तुटेल. घरगुती वापरातील ‘सी’ जातीची सोळा अँपिअरची एम.सी.बी. तत्काळ पडावयाची, तर तिच्यातून तिच्या क्षमतेच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर प्रवाह जावा लागतो. हा आकडा लक्षात ठेवून इमारतीच्या मागील अंगणातील अर्थिंगच्या खड्ड्याकडे वळले पाहिजे.

हा खड्डा बहुतेकांनी पाहिलेला असतो. सुमारे तीन मीटर लांबीची, चाळीस मिलिमीटर व्यासाची जस्त चढवलेली लोखंडी नळी जमिनीत उभी पुरतात. तिच्याभोवती लोणारी कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. वर पाणी घालण्यासाठी नरसाळे आणि त्यावर सिमेंटची चौकोनी झाकणी. काही ठिकाणी नळीऐवजी साठ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा लोखंडी अथवा तांब्याचा पत्रा उभा पुरलेला असतो. मीठ ओल धरते आणि कोळसाही. ओल असली की प्रवाहाला वाट मिळते. एवढे सगळे केल्यावर या नळीचा जमिनीशी रोध किती येतो? जमिनीची विशिष्ट रोधकता पन्नास ओहम-मीटर धरली, म्हणजे बऱ्यापैकी ओलसर मातीची जमीन धरली, तर गणिताने उत्तर येते सुमारे १५ ओहम. रोहित्रापाशी आणखी एक ओहम मोजला, तर एकूण १६. दोनशे तीस भागिले सोळा, म्हणजे साधारण १४ अँपिअर.

सोळा अँपिअरच्या एम.सी.बी.ला चौदा अँपिअर म्हणजे नेहमीचा भार. ती पडणार नाही. गीझरचा बिघाड तासन् तास तसाच राहील, मीटर फिरत राहील, आणि त्या नळीला जोडलेल्या प्रत्येक धातूवर जमिनीच्या तुलनेत दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब उभा राहील. ज्या खड्ड्यावर सारी इमारत विसंबून आहे, तो खड्डा शास्त्रोक्त रीतीने बांधलेला असूनही एकट्याने संरक्षण देऊ शकत नाही. शिवाय पन्नास ओहम-मीटर ही जमीन सर्वांच्या वाट्याला येत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर असतो. कोकणातील जांभा पावसाळ्यात ओला आणि वैशाखात सुका. विदर्भातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि नळीपासून सुटते. राजस्थानच्या वाळूची तर गोष्टच निराळी. तीच नळी अशा जागी शंभर ओहम रोध दाखवील. दोन-तीन नळ्या पुरून त्या जोडल्या तर रोध उतरतो खरा. मात्र नळ्यांमधील अंतर त्यांच्या लांबीच्या दुपटीइतके तरी असावे लागते, आणि शहरातील इमारतींना तेवढे अंगण राहिलेले नसते. जे असते त्यावर मोटारी उभ्या असतात.

वायरमनची प्रचलित परीक्षा या बाबतीत फसवी आहे. तो फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये शंभर वॅटचा दिवा लावून पाहतो. दिवा लख्ख लागला की अर्थिंग उत्तम, असा निर्वाळा देतो. त्या दिव्याचा स्वतःचा रोध सव्वापाचशे ओहमच्या घरात असतो. त्याच्यापुढे अर्थिंगचे पंधरा ओहम असले काय आणि पाच असले काय, दिव्याच्या उजेडात डोळ्यांना फरक जाणवत नाही. जिल्हाधिकारी कचेरीपासून शाळेपर्यंत कित्येक इमारतींचे अर्थिंग या एका दिव्याच्या साक्षीवर ‘ठीक’ म्हणून नोंदले गेले असेल.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की, परतीची वाट मातीतून न नेता धातूतून न्यावी. जमिनीखालून येणाऱ्या वीजवाहिनीभोवती शिशाचे वेष्टन किंवा पोलादी तारांचे चिलखत असते. ते रोहित्राच्या तटस्थ बिंदूला पक्के जोडलेले असेल आणि इमारतीची हिरवी तार त्याला जोडली, तर बिघाडाच्या प्रवाहाला माती ओलांडावीच लागत नाही. सबंध फेऱ्याचा रोध एका ओहमच्या आत राहू शकतो. तो पाऊण ओहम असला तर प्रवाह तीनशे अँपिअरच्या वर जातो आणि एम.सी.बी. डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पडते. या कारणानेच १९५६ च्या नियमांतील तेहेतिसाव्या नियमाने ग्राहकाच्या जागेत, वीज जेथे आत येते त्या ठिकाणाजवळ, भूसंपर्काचे एक टोक पुरवणे आणि सांभाळणे हे वीजपुरवठादाराचे कर्तव्य ठरवले. पुढे २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले. २०२३ साली त्यांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. भारतीय मानक ३०४३ हे या विषयाचे मुख्य मार्गदर्शक १९६६ साली निघाले व १९८७ आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. कायद्यात उणीव आहे असे म्हणता येणार नाही. उणीव आढळते ती मीटरच्या खोलीत. पुरवठादाराचे टोक आणि इमारतीची मुख्य भूसंपर्क-पट्टी यांच्यामध्ये चार वितींची एक तार हवी असते. ती अनेकदा नसते, कारण ती कोणी जोडावयाची याबद्दल दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवतात.

दुसरा मार्ग म्हणजे गळतीवर नजर ठेवणारी कळ. वायरमन तिला जुन्या सवयीने ई.एल.सी.बी. म्हणतात, दुकानदार आर.सी.सी.बी. म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह आणि तटस्थ तारेने परतलेला प्रवाह यांचा हिशेब ती अखंड करीत असते. तीस मिलिअँपिअरची कळ असेल, तर तेवढी तूट दिसताच ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडते. तूट मोठी असेल तर त्याहूनही लवकर. तिला मोठा प्रवाह लागत नसल्याने पंधरा ओहमचा खड्डादेखील तिला भरपूर होतो. प्रत्येक घरात अशी कळ असणे ही आज चैनीची बाब मानता येणार नाही. २०१० च्या विनियमांनी दोन किलोवॅटखालील लहान घरगुती जोडण्या वगळता इतरांना गळतीरोधक साधन आवश्यक ठरवले होते. या कळेवर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. ते अधूनमधून दाबून कळ पडते की नाही हे पाहावयाचे असते. बहुतेक घरांत ते बटण बसवल्या दिवसापासून कोणी दाबलेले नसते.

ही कळ आपल्या घरी बसवली म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे मात्र सदनिकेत राहणाऱ्याने समजू नये. या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग येथून सुरू होतो. कल्पना करा की, दुसऱ्या मजल्यावरील घरात अशी कळ नाही. तेथील गीझर बिघडला. इमारतीचे अर्थिंग केवळ पंधरा ओहमच्या खड्ड्यावर विसंबून आहे. वर सांगितल्याप्रमाणे एम.सी.बी. पडत नाही आणि हिरव्या तारेवर दोनशेहून अधिक व्होल्ट चढतात. ही हिरवी तार खालच्या मुख्य पट्टीला जोडलेली आहे, आणि त्याच पट्टीला चौथ्या मजल्याची हिरवी तारही जोडलेली आहे. म्हणजे चौथ्या मजल्यावरील धुण्याचे यंत्र, शीतकपाट, गीझर या सर्वांच्या अंगावर तोच दाब पोहोचला. तेथील गृहिणी ओल्या हाताने धुण्याच्या यंत्राला हात लावते, आणि दुसरा हात नळावर असतो. त्या नळाची लोखंडी नळी निराळ्या वाटेने थेट जमिनीत गेलेली आहे. प्रवाह हिरव्या तारेतून येतो, तिच्या छातीतून जातो आणि नळावाटे उतरतो. तिच्या घरातील नवी कोरी आर.सी.सी.बी. फक्त आपल्या फेजचा आणि आपल्या तटस्थ तारेचा हिशेब पाहते. तो हिशेब चोख आहे. कळ स्वस्थ बसून राहते. इतकेच नव्हे, मुख्य कळ हाताने बंद केली तरी हा दाब जाणार नाही, कारण हिरवी तार कोणत्याही कळेने तोडली जात नाही, आणि ती तशी तोडता येऊही नये.

यावर उपाय म्हणून आपली हिरवी तार सामाईक पट्टीवरून काढून घ्यावी, हा विचार काहींच्या मनात येतो. तो सपशेल चुकीचा आहे. तसे केल्यास घरातील स्वतःच्या बिघाडाला परतीची वाटच उरत नाही. योग्य उपायाची दिशा उलट आहे. काही तोडावयाचे नसून, जे सुटे आहे तेही जोडून घ्यावयाचे आहे.

मायकेल फॅरेडे यांनी जानेवारी १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी-रुंदी-उंचीची एक खोली उभारली. लाकडी चौकटीवर तारा आणि धातूचा पत्रा बसवून त्यांनी ती सर्व बाजूंनी वाहक केली, यंत्राने तिच्यावर जबर विद्युतभार चढवला आणि स्वतः आत जाऊन बसले. बाहेरून ठिणग्या उडत होत्या. आत त्यांच्याजवळील नाजूक विद्युतमापकांनाही काही कळले नाही. त्यांच्याभोवतालचे सर्व धातू एकाच दाबावर होते. दाब किती आहे याने माणसाला इजा होत नाही; त्याने एकाच वेळी स्पर्श केलेल्या दोन वस्तूंच्या दाबांत किती अंतर आहे, यावर सारे अवलंबून असते. विजेच्या तारेवर बसलेली चिमणी याच न्यायाने सुखरूप असते.

इमारतीत हा न्याय लावण्याला बाँडिंग म्हणतात. मराठीत समविभव-जोडणी म्हणावयास हरकत नाही. इमारतीत शिरणारी पाण्याची लोखंडी नळी, स्वयंपाकाच्या गॅसची नळी, उद्वाहनाचे लोहमार्ग, पंपाचा सांगाडा, गच्चीवरील वीजरोधक, बांधकामातील पोलाद, या सर्वांना जाड तारेने मुख्य भूसंपर्क-पट्टीशी बांधून टाकतात. गॅसची नळी भूसंपर्काचे साधन म्हणून वापरण्यास मनाई आहे, तरीही तिला पट्टीशी जोडणे आवश्यक आहे; या दोन गोष्टींत विसंगती वाटते, परंतु ती नाही. पहिलीत नळीवर प्रवाह वाहून नेण्याचे काम लादले जाते, दुसरीत तिला केवळ इतरांच्या दाबावर ठेवले जाते. न्हाणीघरात, जेथे अंग ओले, पाय अनवाणी आणि धातू हाताशी असतात, तेथे गीझर, लोखंडी नळ्या आणि शक्य असेल तर फरशीखालील जाळी यांची आणखी एक जोडणी तेथल्या तेथे करतात. आता दुसऱ्या मजल्याचा बिघाड पुन्हा घडवून पाहावा. चौथ्या मजल्यावरील यंत्राचा दाब चढतो, त्याबरोबर नळाचाही चढतो. गृहिणीच्या दोन हातांमध्ये नगण्य अंतर उरते आणि तिच्या छातीतून जाण्यास प्रवाहाला कारण राहत नाही.

जुन्या इमारतींमध्ये हे बाँडिंग नकळत झालेले होते. त्या काळी पाण्याच्या नळ्या लोखंडी असत आणि वायरमन हिरवी तार सरळ जवळच्या नळीला गुंडाळीत. आजच्या संहितांना ही पद्धत मान्य नाही, तरी जोवर नळी खालपर्यंत लोखंडी होती तोवर काम भागत होते. पुढे नळ्या गंजल्या. नळकारागिराने तिसऱ्या मजल्यावर हातभर लोखंडी नळी कापून तेथे प्लॅस्टिकची बसवली. गळती थांबली, पैसे चुकते झाले. आणि त्या हातभर तुकड्याच्या वर राहणाऱ्या सर्व कुटुंबांचे अर्थिंग त्या दिवशी नाहीसे झाले. याहून वाईट असे की, तुकड्याच्या वरची लोखंडी नळी आता जमिनीपासून सुटी, मात्र सर्वांच्या हिरव्या तारांना जोडलेली. पाचव्या मजल्यावरील एकाच्या गीझरची गळती आता वरच्या सर्व नळांना मिळते. सकाळी नळाला ‘झिणझिण्या’ येतात, अशी तक्रार ज्या इमारतीत सुरू होते, तेथे नळदुरुस्तीची तारीख प्रथम शोधावी.

दुसरा एक घरगुती तोडगा याहूनही घातक आहे. घरात हिरवी तारच आलेली नसते, आणि नवे यंत्र बसवणारा कारागीर अर्थिंग दाखवा म्हणून अडून बसतो. मग वायरमन तीन भोकांच्या सॉकेटच्या आत तटस्थ तारेवरून एक आखूड तुकडा अर्थिंगच्या भोकाला जोडून देतो. परीक्षेचा दिवा लागतो आणि सर्वांचे समाधान होते. आता तटस्थ तार जिन्यातील एखाद्या सांध्यावर ढिली होऊन तुटली, तर चालू दिव्यातून फेजचा दाब तुटलेल्या तटस्थ तारेवर येतो, आणि त्या तुकड्यातून थेट यंत्राच्या अंगावर. संरक्षणासाठी ठेवलेली पिनच मग मारक ठरते. मोठ्या इमारतींत तीन फेज निरनिराळ्या मजल्यांना वाटून दिलेले असतात. तेथे सामाईक तटस्थ तार तुटली की कमी भार असलेल्या घरांत दाब चारशे व्होल्टच्या दिशेने चढतो आणि दूरचित्रवाणीसंच, शीतकपाटे एकाच रात्री जळतात. लोक वीज मंडळीला दोष देतात. दोष बहुधा आपल्याच जिन्यातील एका ढिल्या स्क्रूचा असतो. ज्या घरात आर.सी.सी.बी. बसवताच वारंवार पडते, तेथे हा आखूड तुकडा असण्याचा संभव मोठा. अशा वेळी वायरमन तुकडा शोधण्याऐवजी कळच काढून ठेवतो, आणि रहिवासी त्याला धन्यवाद देतात.

नव्या बांधकामात हे सर्व सोपे करून घेण्याची संधी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात दारूगोळ्याची कोठारे बांधताना हर्बर्ट यूफर यांनी पायाच्या काँक्रीटमधील पोलादालाच भूसंपर्काचे साधन केले. काँक्रीट जमिनीतील ओल शोषून धरते, त्यामुळे सबंध पाया हाच एक भला मोठा इलेक्ट्रोड होतो; त्याला मीठ नको, पाणी घालणे नको. त्या पोलादाचे एक टोक तुळया ओतण्यापूर्वी वेल्ड करून बाहेर काढावे लागते. त्याला खर्च फारसा येत नाही, मात्र ती वेळ एकदाच येते. पायाचे काँक्रीट ओतून झाल्यावर त्या पोलादाशी पक्की गाठ घालणे फार जिकिरीचे होऊन बसते. गच्चीवरील सौरपट्ट्यांच्या चौकटी आणि वाहनतळावरील विजेच्या मोटारींचे प्रभारक हे या पट्टीचे अलीकडचे भागीदार होत; पुनर्विकासाचे नकाशे मंजुरीला जाताना सभासद चटईक्षेत्रावर जेवढा वाद घालतात, त्याच्या शतांश काळ या एका टोकावर घालवला तरी पुरे.

उभ्या असलेल्या इमारतीत काम तीन मालकांमध्ये वाटले गेले आहे. पुरवठादाराचे टोक पुरवठादाराचे. मुख्य पट्टी, खड्डे, जिन्यातून चढणारी हिरवी तार, पंप आणि उद्वाहन ही गृहनिर्माण संस्थेची. दाराच्या आतले सदनिकाधारकाचे. संस्थेने पहिल्याने पंपावर आणि जिन्यातील दिव्यांवर गळतीरोधक कळ बसवावी, कारण ओलीत चालणारा पंप हा इमारतीतील नित्याचा अपराधी आहे. नंतर प्रत्येक सदनिकेत ती असल्याची खात्री सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करून घ्यावी. सर्व घरांत कळ असेल, तर दुसऱ्या मजल्याचा बिघाड चौथ्या मजल्याला कळावयाच्या आत तुटतो. एका घराने नकार दिला, तर त्याच्या नकाराची जोखीम सर्वांच्या हिरव्या तारेवर राहते. हा मुद्दा सभेत मांडताना थोडे अप्रिय व्हावे लागते; वाहन उभे करण्याच्या जागेवरून सभासद जेवढे अप्रिय होतात, त्याहून कमीच.

मोजणी परवानाधारक ठेकेदाराकडून, योग्य मापकाने करून घ्यावयाची असते, दिव्याने नव्हे. दोन आकडे मागावेत. खड्ड्याचा जमिनीशी रोध हा एक, आणि सर्वांत वरच्या मजल्यावरील सॉकेटपासून फेज-भूसंपर्क असा पूर्ण फेऱ्याचा रोध हा दुसरा. दुसरा आकडा अधिक बोलका असतो; जिन्यातील तुटलेली तार, ढिला सांधा, न जोडलेले टोक ही सर्व त्यात उघडी पडतात. १९५६ च्या नियमांत पुरवठादारांच्या भूसंपर्काची तपासणी दोन वर्षांतून एकदा तरी, कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी करावी, असे लिहिले होते. पावसाळ्यात कोणताही खड्डा चांगला आकडा देतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. गृहनिर्माण संस्थांनीही एप्रिल-मे महिन्यांतील एखादा दिवस ठरवून घ्यावा, आणि आलेला आकडा तारखेसह खड्ड्याच्या झाकणीशेजारी भिंतीवर तेलरंगाने लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी तो किती चढला हे जाता-येता दिसते.